टी.वाय.ची मुलं आणि धर्मोत्तराचं मृगजळ

आज तत्त्वज्ञानाच्या परिषदेत आमच्या टी.वाय.बी.ए.च्या मुलांनी पेपर वाचले. फार अभिमान वाटला.

एकीचा विषय होता गेटियर. १९६३ साली अमेरिकी तत्त्वज्ञ एडमंड गेटियर यांनी जेमतेम तीन पानांत दाखवलं, की एखादी समजूत खरी असली, तिला सबळ कारण असलं, तरी ते ज्ञान असेलच असं नाही. मग तिने थेट आठव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मोत्तर समोर आणला. तहानलेल्या वाटसरूला मृगजळ दिसतं, तो तिकडे जातो आणि तिथे खडकाखाली खरंच पाणी निघतं. मग त्याला पाण्याचं ज्ञान झालं होतं का? मागच्या रांगेतले मोबाईलही खाली गेले.

एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, "दोघांचा प्रश्न एकच, हे कशावरून?" तिने हातातले कागद टेबलावर ठेवले. "सर, पूर्णपणे एकच नाही. गेटियरच्या माणसाकडे सबळ कारण असतं. मृगजळ पाहणाऱ्याकडे ते आहे का, यावर माझा अजून विचार चाललाय." सर म्हणाले, "हेच लिही."

बी.ए.च्या मुलांना संशोधन कशाला, असं विचारणाऱ्यांनी आज तिथे असायला हवं होतं. (आयोजकांनो, पुढच्या वेळी मुलांना सकाळचं सत्र द्या, ही मनापासून विनंती.)

पोरांनो, आता पेपर नीट लिहून काढा, मराठीतच. पहिला खर्डा मी वाचते.