चार्जिंग तपासायचं तर गाडी गरम असताना तपासा (माझा अनुभव, नागपूर)

मेन गोष्ट आधीच सांगतो, कारण ही मला कोणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर सोळा दिवस वाचले असते. बॅटरी सारखी उतरत असेल तर गाडी अर्धा-पाऊण तास एसी लावून चालवा आणि इंजिन बंद न करता व्होल्टेज मोजा. सकाळी थंड इंजिनवर मोजलेल्या आकड्यावर विसंबू नका, निदान आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तरी नाही.

माझी गाडी २०१६ची पेट्रोल, बॅटरी दीड वर्षाची, वॉरंटीतली. आईला रामदासपेठेत डोळ्याच्या डॉक्टरकडे दाखवून मनीषनगरला परत येत होतो. संध्याकाळचे साडेसात झाले होते तरी गरम वारा सुटलेला, एसी फुल, हेडलाइट चालू. अजनी चौक ओलांडला आणि हेडलाइट पिवळे पडायला लागले, छत्रपती चौकाच्या सिग्नलला गाडी जी बंद पडली ती पडलीच. सेल्फ मारला की नुसतं कट-कट-कट. आईच्या डोळ्यात औषध टाकलेलं, तिला धड दिसत नव्हतं, आणि मागून हॉर्नवर हॉर्न. दोन ऑटोवाल्या भावांनी उतरून गाडी बाजूला ढकलून दिली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी जिथून बॅटरी घेतली त्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने लोड टेस्टर लावला, म्हणे डाऊन आहे, चार्जिंगला ठेवा, उद्या या. उद्या गेलो तर बॅटरी ओके. अरे, चोवीस तास चार्ज केल्यावर ओके दाखवणारच ना! घरी आणून बसवली, चार दिवस ऑफिसला जाणं-येणं सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटांचं, काही त्रास नाही, आणि पाचव्या दिवशी दुपारी हिंगण्याला जाऊन आलो तर पुन्हा मेली. पुन्हा दुकान, पुन्हा चार्जिंगला ठेवा. यावेळी म्हणे कार्डावर शिक्का नाही, ओरिजिनल बिल आणा. बिल शोधून आणलं. मग म्हणे कंपनीचा माणूस मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, क्लेम तोच पास करतो. शुक्रवारी दुपारी दोन वाजता ४५ डिग्रीत दोन तास बसलो, तो आलाच नाही. तोवर वापरायला दुसरी बॅटरी द्या म्हटलं तर ती क्लेम पास झाल्यावरच. म्हणजे घरात गाडी असून आईला ऑटोने न्यायचं. आणि प्रत्येक वेळी तोच पोरगा तेच विचारणार, काय प्रॉब्लेम आहे सर, जणू मी पहिल्यांदाच आलो.

मधल्या काळात घराजवळच्या गॅरेजमध्येही दाखवलं. सकाळी नऊला त्याने मीटर लावला, १४.२ व्होल्ट, म्हणाला तुमचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) एक नंबर आहे. वरून खात्री करायला म्हणून चालू गाडीची बॅटरीची वायर काढायला निघाला, मी हात धरला. हे कोणालाही करू देऊ नका. जुन्या गाड्यांत चालून जायचं, आताच्या गाड्यांत व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडू शकतो.

तर मला सगळ्यात जास्त राग कशाचा आहे ते सांगतो. तिसऱ्या खेपेला दुकानाने बॅटरी चार्जिंगला लावायच्या आधी सहाही सेलची (कप्प्यांची) ग्रॅव्हिटी, म्हणजे आतलं ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते, मोजून चिठ्ठीवर लिहिली होती, सगळीकडे १.१८०. ती चिठ्ठी माझ्या खिशात चार दिवस होती. नंतर कळलं की उत्तर त्या चिठ्ठीतच होतं. बॅटरी खराब असेल तर बहुतेक वेळा एखादा सेल बाकीच्यांपेक्षा खूप खाली असतो. सहाही सारखेच खाली आणि चार्ज केल्यावर सहाही सारखेच वर, १.२६०च्या आसपास, म्हणजे बॅटरी बहुतेक चांगली आहे, तिला गाडीतून करंट पोचत नाहीये किंवा बंद गाडीत काहीतरी तो खातंय. रोज हेच काम करणाऱ्या माणसाला हे माहीत असणारच, मग त्याने स्वतःच्या हाताने लिहूनही मला का सांगितलं नाही? एक वाक्य बोलला असता तर मी त्याच दिवशी अल्टरनेटरच्या मागे लागलो असतो.

शेवटी ऑफिसमधल्या एकाने कॉटन मार्केटकडच्या एका जुन्या सेल्फ-अल्टरनेटरवाल्या काकांकडे पाठवलं. चिठ्ठी बघताच ते म्हणाले, "बॅटरी उपाशी हाय भाऊ, तिला कोणी जेवू घालून नाही राहिलं." आणि मला म्हणाले, आता हात नाही लावत, एसी लावून पाऊण तास फिरवून आणा, बंद नका करू. फिरवून आणली. बॅटरीवर १२.४. मग त्यांनी अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या नटावर मोजलं, तिथेही १२.४. तिथे १४ आले असते तर दोष वायरचा किंवा अर्थिंगचा, दोन्हीकडे सारखेच कमी म्हणजे अल्टरनेटरच देत नाहीये. बेल्ट दाबून पाहिला, टाइट होता.

खोलल्यावर कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) घासून तीन-चार मिलिमीटर उरलेले, आणि कटआउट (व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर) तापला की सोडून देत होता. म्हणून सकाळी १४.२ आणि दुपारी काही नाही. नवीन अल्टरनेटर बसवायचे गॅरेजवाल्याने साडेनऊ हजार सांगितले होते, इथे कार्बन, कटआउट, दोन्ही बेअरिंग आणि मजुरी मिळून २,१०० रुपये, तीन तासांत काम. नंतर गरम गाडीवर एसी आणि हेडलाइट लावून मोजलं, १४.१. इतका आनंद मला गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता.

आठवलं म्हणून सांगतो, डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा माझ्या गाडीत आधीपासून अगदी मंद पेटत होता, पण दिवसा उन्हात दिसतच नाही. रात्री अंधारात एकदा बघा. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी तो दिवा लागलाच पाहिजे, नाही लागला तर तेही दाखवा.

मीटर (मल्टिमीटर) घेऊनच ठेवा, मी सीताबर्डीवरून साडेतीनशेला आणला. रात्रभर उभी बॅटरी १२.६ हवी, १२.२ म्हणजे अर्धीच उरली. काही नव्या गाड्या चार्जिंग स्वतःच कमी-जास्त करतात, त्यात थोडा वेळ १३च्या आत दिसलं तर लगेच घाबरू नका, हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा.

बंद गाडीत काही करंट खातंय का तेही मी पाहिलं, मीटर १० अँपिअरवर ठेवून निगेटिव्ह वायरच्या मध्ये लावला, अर्धा तास थांबलो, ३० मिलिअँपिअर. ५०च्या आत असेल तर बरं. मीटर तसा लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल.

क्लेम मी स्वतः जाऊन मागे घेतला आणि ती १.१८०ची चिठ्ठी काउंटरवर ठेवून त्या पोराला सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. पुढच्या गिऱ्हाईकाला सांगेल अशी आशा आहे.

परवा आईची पुढची तारीख होती. दुपारी तीनला निघालो, एसी लावून, तिला तिथे सोडलं आणि पार्किंगमध्ये चालू गाडीचं बॉनेट उघडून मीटर लावला. १४.१.