लिस्बनचे कागद, ठाण्याची गावं

1534 च्या तहानंतर वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. ठाणं मराठ्यांनी 1737 मध्ये घेतलं, वसई 1739 मध्ये. मधल्या दोनशे वर्षांचा बराच कागद इथे लिस्बनमध्ये आहे: 'तोरे दो तोम्बो' या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आणि जुन्या वसाहतींचं दफ्तर सांभाळणाऱ्या 'उल्त्रामारिनो'त. उरलेला पणजीत. कागद इथला, गावं तिकडची. त्यामुळे कागदांतली गावं ओळखायचं काम दोन्हीकडची माणसं असल्याशिवाय पुढे सरकत नाही.

ऑनलाइन सूचीत 'ठाणे' शोधून हाती काही लागत नाही. ताना, बासाईं (वसई), कारांजा (उरणजवळचं करंजं) असं शोधायचं, तेही दोन-तीन स्पेलिंगांनी. सगळ्या मुलखाचं नाव 'उत्तर प्रांत'. खरी फसगत जुळ्या नावांत होते. 'साल्सेत' म्हणजे ठाण्याची साष्टी की गोव्याची सासष्टी? 'आगासाईं' वसईकडची आगाशी की गोव्यातली आगशी? 'माईं' मुंबईचं माहीम की केळवे-माहीम? एकट्या नावावरून ठरवू नये. त्याच पानावरची शेजारची गावं, खाडीचा उल्लेख, पत्र वसईच्या कप्तानाचं आहे का, हे सगळं पाहायचं. कागदांत सापडलेल्या नावांची यादी ठाण्यात पाठवली की घोडबंदर-भाईंदरकडचे पाडे ठाऊक असलेला माणूस जी नावं चटकन ओळखतो, त्यांवर इथले प्राध्यापक तासन्‌तास अडतात. म्हणूनच नावं मूळ स्पेलिंगात जशीच्या तशी उतरवावीत; 'सुधारून' लिहिली की ओळखायला काही उरत नाही.

तारखा हा दुसरा घोळ. पोर्तुगालने 1582 मध्येच ग्रेगोरियन पंचांग घेतलं, इंग्रजांनी 1752 मध्ये. म्हणून वसईच्या वेढ्याच्या काळात मुंबईकर इंग्रजांची 5 मे ही पोर्तुगीजांची 16 मे. शिवाय इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे त्यांच्या फेब्रुवारीतल्या पत्रावर आपल्या हिशेबाने एक वर्ष कमी दिसतं. मराठी मोडी पत्रांत तिथी आणि सुहूर सन असतो. त्यात 599 मिळवले की इसवी सन येतो, पण तो मृगाला सुरू होत असल्याने पुढच्या जानेवारीपासून 600 मिळवावे लागतात. तक्त्यात मूळ तारीख आणि बदललेली तारीख असे दोन वेगळे रकाने ठेवाच.

फोटो काढताना फाइलच्या नावात दफ्तराचा पूर्ण संकेतांक, पान क्रमांक आणि पुढची बाजू की मागची, एवढं हवंच. नुसता 'आयएमजी' आकडा असलेला फोटो सहा महिन्यांनी कुठल्या पोथीतला, ते कुणालाच सांगता येत नाही. हस्ताक्षर वाचायला ट्रान्सक्रिबस हे सॉफ्टवेअर चालतं. मात्र आधी साधारण 5,000 ते 15,000 शब्द हाताने अचूक उतरवून त्याला शिकवावं लागतं, आणि संक्षेपांत ते तरीही अडखळतं. फोटो छापायचे तर दफ्तरखान्याची वेगळी परवानगी लागते, आणि गावं ओळखून देणाऱ्याचं नाव लेखात कुठे येणार हे पहिल्याच बैठकीत ठरवावं. बैठकीची वेळ मात्र सोपी: हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार.