विषुवदिन आणि चवदार तळे

दरवर्षी २० किंवा २१ मार्चला सूर्य विषुववृत्तावर येतो आणि पृथ्वीवर जवळजवळ सर्वत्र दिवस आणि रात्र सारख्या लांबीचे होतात. शाळेत भूगोल शिकवत असताना मला हा दिवस विशेष प्रिय होता, कारण पुस्तकातली गोष्ट त्या दिवशी मुलांना मैदानावर दाखवता येते. उघड्या जागेत एक काठी उभी रोवायची आणि तिच्या सावलीचे टोक दर अर्ध्या तासाने खडूने टिपत जायचे. इतर दिवशी या खुणा जोडल्या की वक्र रेषा तयार होते. विषुवदिनी मात्र त्या पश्चिमेकडून पूर्वेकडे एका सरळ ओळीत येतात. ती सरळ रेषा पाहताना मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते मी कधी विसरणार नाही.

याच सुमारास, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले आणि त्यांच्यामागून हजारो माणसांनी ते घेतले. दिवस-रात्र समान होण्याच्या सुमारास माणसांनी समतेचा हक्क बजावला, हा योगायोग आहे. त्या वेळी महाडला भरलेल्या परिषदेची तारीख ठरवताना कोणी आकाशाकडे पाहिले असेल, असे मला वाटत नाही. तरीही या योगायोगावर विचार करावासा वाटतो, कारण सामाजिक न्यायाबद्दल बोलताना आपण ऋतूंची भाषा फार सहज वापरतो. ‘दिवस पालटतात’, ‘रात्रीनंतर पहाट होतेच’, ‘काळ हेच औषध’ ही वाक्ये बोलणाऱ्याच्या मनात बहुधा चांगलेच असते. पण ती ज्याला ऐकवली जातात, त्याच्यापर्यंत एकच गोष्ट पोहोचते, ती म्हणजे ‘थांब’.

महाडचा घटनाक्रम तारखांसह वाचला की हे थांबणे किती लांबवले गेले, ते कळते. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावरचा ऋतू बदलला होता. तळ्यावरचा मात्र तोच राहिला. पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्य माणसाला त्या पायऱ्या उतरता आल्या नाहीत. मार्च १९२७ मध्ये कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याची बहिष्कृत परिषद महाडमध्ये भरली, तेव्हाही जमलेल्या लोकांसाठी पिण्याचे पाणी ४० रुपये देऊन विकत घ्यावे लागले, आणि ज्या तळ्यावर त्यांचा कायदेशीर हक्क होता, ते तळे त्याच गावात भरलेले होते.

कोकणातला मार्च ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या ४० रुपयांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. पावसाळ्यात सावित्री नदी महाडच्या बाजारपेठेत शिरते, इतके पाणी इथे पडते. पण डोंगरउताराची जमीन ते धरून ठेवत नाही आणि होळी झाली की वाड्यावाड्यांवरच्या विहिरींचा तळ दिसू लागतो. म्हणजे ज्या दिवशी सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तर गोलार्धात जातो, त्याच सुमारास पाणी कोणाचे, हा प्रश्न दरवर्षी धारदार होतो. बोले ठराव भर पावसात झाला आणि तो अमलात आणण्यासाठी माणसे उन्हात चालत गेली, हे मला या इतिहासातले सर्वांत बोलके वास्तव वाटते.

त्यानंतर जे घडले, तेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे. वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची आवई उठवून परतणाऱ्या, जेवणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी तळ्यात रिकाम्या करून ‘शुद्धी’ करण्यात आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला; तोवर न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, पण न्यायालयाचा मान राखून तळ्याचे पाणी घेणे स्थगित करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. पहिल्या ओंजळीनंतर दहा वर्षांनी.

हिवाळ्यातल्या एका खगोलीय गोष्टीची मला इथे आठवण होते. सूर्य दक्षिणेकडून परत फिरतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. आपण मकरसंक्रांत साजरी करतो १४ किंवा १५ जानेवारीला. पृथ्वीच्या आसाची दिशा अतिशय सावकाश बदलत असल्याने हे अंतर शतकानुशतके वाढत गेले आहे. शिवाय सूर्य वळला म्हणून थंडी लगेच हटत नाही. गारठा जानेवारीतही कायम असतो. वळण आणि त्याचा परिणाम यांत निसर्गातही अंतर असते, आणि त्याचा आधार घेऊन कोणी म्हणू शकेल की समाजातही असे अंतर असणारच. मला हा युक्तिवाद मान्य नाही. निसर्गातले अंतर कोणी मुद्दाम ठेवलेले नसते. १९२४ आणि १९२७ यांच्यातले अंतर राखणारी माणसे होती. तळ्यावर पहारा करणारे हात होते. ठराव रद्द करण्यासाठी सभेत मत देणारेही होते.

ऋतूंचे रूपक टाकून द्यावे, असे मात्र मी म्हणणार नाही. ते शेतकऱ्याकडून शिकावे, असे मला वाटते. मृग नक्षत्र ७-८ जूनला निघते, ते कोणाच्या कष्टाने नव्हे. पण चैत्र-वैशाखात नांगरट झाली नसेल, बांध घातले नसतील, बियाणे राखले नसेल, तर मृगाचा पाऊस रान हिरवे करील खरे, पण ते हिरवेपण तणाचे असेल. आपल्या पंचांगात ऋतूबरोबर काम येते, आणि काम करणारी माणसे येतात. महाडची परिषदही अशाच मशागतीवर उभी होती. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते गावोगाव हिंडले, अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सवर्ण सहकारी जातभाईंचा रोष पत्करून सोबत राहिले, आणि डिसेंबरच्या परिषदेला गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले की तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही. इतरांसारखीच आपणही माणसे आहोत, हे प्रस्थापित करण्यासाठी आपण तिथे जात आहोत.

२०२७ साली या घटनेला शंभर वर्षे होतात. दर २० मार्चला राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे महाडला येतात, त्यांत आता मोठे समारंभ होतील, आणि ते व्हावेतच. परंतु त्याच आठवड्यात शहापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात, आणि भातसा व तानसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे त्याच तालुक्यात आहेत. इथे कोणी पायऱ्यांवर अडवत नाही. जलवाहिनीच पाड्याला वळसा घालून पुढे जाते. मला हा चवदार तळ्याचाच प्रश्न वाटतो.

एप्रिल ते जून या तिमाहीसाठी प्रत्येक जिल्ह्याचा टंचाई आराखडा तयार होत असतो. कोणत्या वाडीला टँकर, कोणत्या विहिरीचे खोलीकरण, कोणत्या पाड्यासाठी काहीच नाही, हे सारे त्यात लिहिलेले असते, आणि ज्यांच्याबद्दल ते लिहिलेले असते, त्यांच्यापैकी फार थोड्यांना तो पाहायला मिळतो. हा आराखडा दरवर्षी २० मार्चला प्रत्येक वाडी-पाड्यावर लोकांसमोर मोठ्याने वाचला जावा आणि त्यावरच्या हरकती तिथल्या तिथे नोंदवून घेतल्या जाव्यात, अशी माझी मागणी आहे. माझ्या ग्रामपंचायतीला तसा अर्ज मी लिहून दिला आहे.