तुमच्यात काय पाळतात?

लोणंदहून पालखी हलली तेव्हा मी आमच्या गल्लीतल्या लोकांच्या दिंडीत, पताकावाल्यांच्या मागच्या रांगेत होतो. साताऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या माणसाने माउलींच्या सोहळ्यात चालावे हे आमच्यातल्या काहींना पटले नव्हते आणि त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेला नाही. पण ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ज्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला आणि आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असे जे उघडपणे सांगत, तिथल्या ख्रिस्ती माणसाला टाळ-मृदंग परका कसा वाटावा? अभंग तर आमच्या उपासनेतही होतात.

चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण झाले. दुतर्फा उभ्या दिंड्यांमधून अश्व धावून गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली. मी ती लावली नाही आणि शेजारच्या वारकऱ्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आपली श्रद्धा आपल्याजवळ ठेवून दुसऱ्याच्या आनंदात उभे राहता येते, एवढे तिथे सहज कळते.

मला खरे भिडले ते तरडगावच्या मुक्कामावरच्या समाजआरतीत. एवढा गजर चाललेला असताना चोपदाराने चोप उंचावला की सारा तळ चिडीचूप होतो. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. मग हरवले-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. हजारोंच्या गर्दीत सापडलेले घड्याळ किंवा पिशवी कोणीतरी आणून देतो, ही मला भजनाइतकीच भक्ती वाटते. आमच्याच जिल्ह्यातल्या आरफळच्या हैबतबाबांनी या सोहळ्याला शिस्त लावली आणि ती आजही पाळली जाते, ती कोणाच्या धाकाने नव्हे.

दुसऱ्या दिवशी फलटणच्या वाटेवर डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी माझ्याकडे निरखून पाहत होती.

“माऊली, गळ्यात माळ दिसत न्हाय?”

“आजी, मी ख्रिस्ती आहे.”

“आस्सं. मग तुमच्यात काय पाळत्यात?”

आम्ही काय मानतो हे तिने विचारले असते तर मी धडाधड सांगितले असते. तिच्याजवळ पाळण्याची उत्तरे होती: माळ, एकादशी, खोटे न बोलणे, परक्याच्या पैशाला हात न लावणे. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की तारण कृपेने होते, कर्माने नव्हे. ते मी आजही मानतो. परंतु त्या शिकवणीच्या आडोशाला आमच्यापैकी कितीतरी जण काहीच न पाळता निवांत राहतात, आणि आजच्या समाजाला असा ख्रिस्ती फारच सोयीचा आहे. हा समाज श्रद्धेला विरोध करत नाही; तिला रविवारची सकाळ आणि नाताळचा केक देऊन उरलेला आठवडा स्वतःकडे ठेवतो.

तो आठवडा मला चांगला ठाऊक आहे, कारण मी बँकेच्या एका शाखेत काम करतो. मुदत संपलेली ठेव काढायला आलेल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात विम्याची पॉलिसी मारायची आणि महिन्याच्या बैठकीत त्याबद्दल टाळ्या घ्यायच्या, याला तिथे कामाचा उरक म्हणतात. देव आणि धन अशा दोन धन्यांची चाकरी होत नाही, हे डोंगरावरील प्रवचनातले बोल सोमवारी सकाळी अकरा वाजता, टार्गेटचा तक्ता समोर असताना ऐकू येतात की नाही, यावर माणूस ख्रिस्ती आहे की नुसता मंडळीच्या यादीत आहे हे ठरते. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते आम्ही प्रवचनात दरवर्षी ऐकतो. वाटेवर तरुण पोरे अनोळखी वारकऱ्यांच्या पायांना तेल चोळताना दिसली तेव्हा, ऐकणारे आपण आणि करणारे हे, असे मनात आले आणि थोडा रागही आला, आमच्याच लोकांचा.

आजीला मी एवढेच म्हणालो, “वैऱ्यावरसुद्धा माया करायची, असं आमच्यात सांगितलंय.”

ती खळखळून हसली. “लई अवघड हाय की वो त्ये! आमचं एकादशीचंच बरं.”

आता पॉलिसीचा अर्ज पुढे करण्याआधी मी ग्राहकाला विचारतो की हप्ते शेवटपर्यंत भरता येतील का, पैसे मध्येच लागले तर काय कराल आणि घरात मुलांना विचारलेत का. बरेच जण अर्ज तसाच ठेवून ठेवीचे नूतनीकरण करतात. साहेबांना हे पसंत नाही आणि शाखेच्या तक्त्यात माझे नाव तळाशी असते. बढतीच्या वेळी त्याचे काय व्हायचे ते होईल.