आजीची सही राहून गेली

एम.ए.च्या प्रबंधासाठी मला तान्ह्या मुलांची स्मृती हाच विषय हवा होता. त्यामागे होत्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कोलियर. स्वतःच्या तान्ह्या मुलाला रमवण्यासाठी त्यांनी त्याचा पाय रिबनने पाळण्यावर टांगलेल्या चिमणाळ्याला बांधला आणि पाय झाडला की वर काहीतरी हलतं, हे ते बाळ शिकलं. १९६९ साली त्यावर त्यांचा शोधनिबंध आला. पुढची कित्येक वर्षं त्या हीच रिबन घेऊन बाळांकडे जात राहिल्या. २ महिन्यांचं बाळ ही युक्ती एक-दोन दिवस लक्षात ठेवतं, ३ महिन्यांचं आठवडाभर, ६ महिन्यांचं दोन आठवडे. विसरलेल्या बाळाला नुसतं हलणारं चिमणाळं थोडा वेळ दाखवलं, तरी आठवण परत येते. मला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

पण एका वर्षात तान्ह्या मुलांवरच्या प्रयोगाला परवानगी मिळणं कठीण, असं मार्गदर्शक बाईंनी स्पष्ट सांगितलं. मग ४ वर्षांची मुलं आणि त्यांच्या आया घ्यायचं ठरलं. दोघं मिळून झालेल्या गोष्टींबद्दल कसं बोलतात, ते ध्वनिमुद्रित करायचं. रॉबिन फिवुश आणि एलेन रीझ या मानसशास्त्रज्ञांनी या गप्पांवर खूप काम केलं आहे. आई तपशील भरत, प्रश्नाला प्रश्न जोडत बोलली, तर मूल पुढे जास्त आठवून सांगतं. न्यूझीलंडच्या एका अभ्यासात तिथल्या मूळनिवासी माओरी माणसांची पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासची निघाली. युरोप-अमेरिकेत ती बहुधा तीन-साडेतीन वर्षांची असते. जुन्या गोष्टी सांगण्याला माओरी समाजात मोठा मान आहे.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीने माझा अर्ज दोनदा परत पाठवला. पहिल्यांदा संमतीपत्राच्या भाषेमुळे. ‘सदर संशोधनात ऐच्छिक सहभाग’ असं मी लिहिलं होतं. ते गोव्यातल्या डिचोलीच्या एका वहिनींना वाचायला दिलं, तर त्यांनी विचारलं, “म्हणजे मी नेमकं काय करायचं?” सगळं पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा समितीने विचारलं, आई हो म्हणाली आणि मूल नको म्हणालं तर? हा प्रश्न मला तेव्हा औपचारिक वाटला होता. पुढे एका घरी मुलगी आजीच्या पदराआड गेली ती बाहेरच येईना, तेव्हा मी यंत्र बंद करून चहा पिऊन परतले. समितीचं बरोबर होतं.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊन महिना झाला होता, म्हणून माटोळीबद्दल, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून केलेल्या आराशीबद्दल बोला, असं मी सुचवायचे. साखळीतल्या घरी आईने परीक्षाच सुरू केली. “माटोळीत काय होतं? सांग ना. नारळ, आणखी?” मुलगा गप्प. यंत्र समोर असलं की आयांना वाटतं, आता आपलीच हुशारी तपासणार. मला त्यांचं फार वाईट वाटायचं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आजी म्हणाली, “बाबाच्या खांद्यावर बसून तू तोरिंग बांधत होतास, तेव्हा खाली काय पडलं रे?”

“चिबूड! बाबांच्या पायावर!” आणि मग तो थांबेचना.

घरी ते उतरवून काढताना लक्षात आलं की सह्या फक्त आईच्या होत्या. आजीच्या संमतीशिवाय तिचं वाक्य वापरता येणार नव्हतं आणि त्या वाक्याशिवाय त्या गप्पांत काही उरत नव्हतं. नवा कागद घेऊन पुन्हा कदंब बसने साखळी गाठली. आजीने आधी स्वतःचा आवाज ऐकवायला लावला, मग चष्मा शोधून सावकाश सही केली. मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता.

“तेव्हा पाऊसपण होता,” तो म्हणाला. पहिल्या खेपेला पावसाचं नावही निघालं नव्हतं. आई म्हणाली, नव्हता. आजी म्हणाली, होता, माटोळीखाली ओली छत्री ठेवली म्हणून मीच ओरडले होते. ध्वनिमुद्रण बंद होतं. मी वहीत तारीख आणि वेळ लिहिली, आणि खाली त्याचं वाक्य.