अडसराचं भोक

"आजोबा, किल्ला कुठंय?"

आज सकाळी साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या दरवाज्यात उभं राहून एक सहा-सात वर्षांचं पोरगं विचारत होतं. आजोबा हसले. "अरे, त्याच्या दारातच उभा आहेस की!" पोराला काही पटलं नाही. त्याला वर दिसत होता टीव्हीचा टॉवर.

मग आजोबांनी त्याला भिंतीतलं अडसराचं भोक दाखवलं. पोरानं हात घातला, पार खांद्यापर्यंत. तरी तळ लागेना. "एवढं लांब लाकूड?" हत्तीच्या धडकेला दार टिकायचं ते ह्या लाकडाच्या जिवावर, असं आजोबांनी सांगितलं, तेव्हा कुठं त्याला किल्ला दिसला.

मी रोज त्याच दारातून जातो. पावलं मोजत, घड्याळ बघत. हात कधीच घातला नव्हता.

शिलाहार घराण्यातल्या भोज राजाचा हा गड. १६७३ मध्ये महाराजांनी घेतला. पुढं औरंगजेब स्वतः खाली छावणी टाकून बसला, तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी महिनोन्‌महिने लढवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. पहिल्यानं तट उडाला, दुसरा त्यांच्याच माणसांवर फुटला. १७०० च्या एप्रिलमध्ये गड गेला आणि बादशहानं नाव ठेवलं आझमतारा. हे सगळं मला पाठ आहे. पाहुणे आले की धडाधडा सांगतो.

ती दोघं गेल्यावर इकडंतिकडं बघितलं आणि घातला हात. आत गार होतं. कोपरापर्यंत धूळ, आणि बोटांना लागला वेफर्सचा रिकामा पुडा.

तुम्ही सातारकर शेवटचं कधी थांबला होतात त्या दारात?