भेंडवळची घटमांडणी: आखाजीला जाणार असाल तर

बरेच लोक संध्याकाळी येतात, घटाचे फोटो काढतात आणि परत जातात. तसं करू नका. खरी मजा दुसऱ्या दिवशी पहाटे. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, शनिवारी आली तर फारच सोयीचं. आम्हाला तशीच मिळाली.

भेंडवळ बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात. अक्षय तृतीयेला दिवस मावळताना गावाबाहेरच्या शेतात वाघ घराण्यातले महाराज घट मांडतात आणि दुसऱ्या पहाटे त्यात काय बदललं ते पाहून पावसापाण्याचं, पिकांचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराजांनी ही रीत साडेतीनशे वर्षांपूर्वी घालून दिली, असं गावात सांगतात. गोल आखून कडेनं अठरा धान्यं: ज्वारी, तूर, उडीद, तीळ, जवस, लाख, कपाशीसाठी सरकी. काही धान्यांकडे वेगळीच खाती आहेत. भादली म्हणजे रोगराई, मसूर म्हणजे शत्रू, करडी म्हणजे संरक्षण. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, वडा. विड्याचं पान ही गादी आणि त्यावरची सुपारी म्हणजे राजा, देशाचा सत्ताधारी. मग रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही.

पहाटे अंधारातच पोचा. उशीर झाला तर माणसांच्या पाठीच दिसतील. महाराज वाकून एकेक धान्य न्याहाळतात: दाणे जागेवर आहेत की विखुरले, कोणतं ढेकूळ किती भिजलं, सुपारी हलली का. राजाचं भाकीत आलं की टीव्हीवाल्यांचे कॅमेरे पुढे सरसावतात. गर्दी मात्र सरकीसाठी थांबलेली असते. शेजारच्या धोतरवाल्या काकांना विचारलं, ‘‘काका, मानता का हे?’’ मान न वळवता म्हणाले, ‘‘मानाचं का नाई थे मंग पाहू, पराटीचं का निंगलं थे आयकू द्या आंधी!’’ पराटी म्हणजे कपाशी.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा या भाकितांना आक्षेप आहे आणि तो मला पटतो. हवामान खात्याचा मान्सूनचा पहिला अंदाजही एप्रिलातच येतो. पेरणी ठरवायची तर त्यावर ठरवावी. पण पुढच्या चार महिन्यांची काळजी एका शेतात अशी उघड्यावर मांडलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

मुक्काम शेगावला करा. मुंबई-नागपूर मार्गावरच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात. शनिवार-रविवारी गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात खोली मिळेलच असं नाही, म्हणून दुपारीच चौकशी करून ठेवा. भेंडवळला जायला-यायला गाडी आधीच ठरवा, पहाटे एसटीच्या भरवशावर राहू नका. पिण्याचं पाणी मात्र बरोबर हवंच. हा पूर्णेचा खारपाणपट्टा; बोअरच्या पाण्याचा घोट घेतलात तर समुद्रकाठी आल्यासारखं वाटेल. दुपारी पारा सहज बेचाळीसच्या वर, त्यामुळे डोक्याला दुपट्टा आणि अकरानंतर सावली.

गावात कुणाची ओळख असेल तर आखाजीचं जेवण चुकवू नका. घरोघरी पितरांच्या नावानं घागर पुजलेली असते, पानात पुरणपोळी, आमरस, कुरडया. नको म्हणालात तरी वाढतात, तेव्हा सकाळची शेगाव कचोरी एकच खा.

परतताना नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान महामार्गावरूनच दिसतो. उतरलात तर चपला पायातून काढताना जपा, फरशी तव्यासारखी तापते.